भोई नसलेल्या भोईरबाई

शकुंतला भोईर यांना बदलापुरापासून उल्हासनगरापर्यंत बहुतेक जण नुसतं ‘बाई’ म्हणतात. शाळेत त्या खेळ शिकवत. त्यांच्या शिट्टीवर धावलेली पिढी आता स्वतःच्या गुडघ्यांच्या तक्रारी सांगते. मी काही त्यांची विद्यार्थिनी नव्हे. आमची ओळख झाली ती एका तुटलेल्या पट्ट्यामुळे.

बेलवलीतल्या तळमजल्यावरच्या घरात मी शिलाईकाम करते. उल्हासनगरातल्या कारखान्यातून जीन्सचे कापलेले तुकडे येतात, त्यांना मी खिसे लावते. मशीनचं पॅडल टेबलावर बसवून घेतलं आहे आणि ते मी कोपराने दाबते, कारण एका अपघातानंतर कमरेखालचं शरीर माझं ऐकत नाही. एके दिवशी बाई पाठीवरची सॅक घेऊन आल्या. साठी ओलांडलेली, पण आवाज असा की पंखाही दचकावा.

“हा पट्टा घट्ट शिवून दे. रविवारी चंदेरीला जायचंय.”

मी सहज म्हणाले, “आमच्या खिडकीतून दिसतो चंदेरीचा गड. रोज बघते.”

“बघतेस. गेली हायस का कधी?”

चहा घेऊन आलेली माझी आई दारातच थबकली. व्हीलचेअरमध्ये बसलेल्या मुलीला असं कोणी विचारतं का? मलाही राग आला. मी म्हणाले, “कशी जाऊ?”

“ते मला आता नाय माहीत,” बाई म्हणाल्या. “बघू.” चहा प्यायल्या, सॅक उचलली आणि गेल्या.

आई बराच वेळ पुटपुटत होती, की माणसाने जिभेला काही हाड ठेवावं. मला मात्र तो ‘बघू’ शब्द पुरला. माझ्या बाबतीत तोवर लोकांनी देवाची इच्छा काढली होती, गेल्या जन्मीचं काढलं होतं, ‘बघू’ कोणी म्हटलं नव्हतं. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा ‘नाही’च असतं. बाईंचं ‘बघू’ म्हणजे पदर खोचणं.

काही आठवड्यांनी त्या परत आल्या. “चंदेरी तुझ्याने होणार नाय, खोटं कशाला बोलू? पण सिंहगडावर बरीच वरपर्यंत गाडी जाते. तिथून पुढचं मी बघून आले.” बघून आल्या म्हणजे कशा, तर रिकाम्या व्हीलचेअरवर तांदळाची गोणी बांधून, जुन्या विद्यार्थ्यांना जुंपून, पायऱ्या आणि दगडी चढ पार करून. कुठे चाक अडतं, कुठे खुर्ची कलते, कुठे दम घ्यायला जागा आहे, हे सगळं त्या गोणीने आमच्यासाठी आधी भोगलं. पुढे प्रत्येक गडावर आमच्या आधी गोणीच गेली. पुढे आमचं मंडळ झालं; त्याची पहिली सभासद तीच, असं आम्ही आजही म्हणतो.

पहिल्या सहलीत आम्ही मोजकीच माणसं होतो. त्यांत उल्हासनगरचे लछमनकाका होते. त्यांचं फर्निचरचं दुकान; अर्धांगाचा झटका आल्यावर ते खुर्चीला खिळले होते. पायऱ्या सुरू झाल्या आणि पोरांनी उत्साहाने काकांना धरलं. “इकडून घे, तिरपं कर, सांभाळ, खाली टेकव!” काका शांतपणे म्हणाले, “साईं, मेरे दुकान में कपाट ऐसे ही चढाते हैं.” सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

माझं दुखणं वेगळं होतं. पायऱ्यांवर व्हीलचेअर पाठमोरी चढवतात, नाही तर बसलेला माणूस पुढे कलंडतो. मला तशीच, योग्य पद्धतीने वर नेली. दरवाजा आला, पोरांनी जयघोष केला, टाळ्या वाजवल्या, आणि मला समोर दिसत होता खालचा वाहनतळ. सिंहगडाच्या दरवाजातून मी उलटी आत शिरले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि मला रडू फुटलं. बाईंना वाटलं, आनंदाचे अश्रू. मी म्हणाले, “बाई, मला गडावर आणलंत खरं, पण सामान आणतात तसं आणलंत. दरवाजा मी पाहिलाच नाही.”

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, पोरी, एवढं केलं तेही कमीच का? बाई पोरांना म्हणाल्या, “परत खाली चला.” मला पुन्हा दरवाजाबाहेर उतरवलं. शेवटच्या पायरीवर खुर्ची फिरवून माझं तोंड दरवाजाकडे केलं. उंबरठ्यावर एक फळी टाकली. “आता हात काढा सगळ्यांनी,” बाई म्हणाल्या. “तिची ती जाईल.”

मी चाकं धरली आणि माझी मी गेले. दगडी कमान डोक्यावरून सरकली. आत गारवा होता. त्यापुढचं मला नीट सांगता येत नाही.

तेव्हापासून तो आमचा रिवाज झाला. दरवाजाशी खुर्ची वळते, फळी पडते, हात निघतात. ती फळीही लछमनकाकांनी दुकानातल्या सुताराकडून घडीची करून घेतली. हुकूम द्यायचा तो बसलेल्या माणसाने, उचलणाऱ्याने नाही. आणि एक शब्द बाईंनी कायमचा हद्दपार केला. एकदा कोणीतरी बसला फलक लावला, ‘दिव्यांगांना गडावर नेण्याचा उपक्रम’. बाईंनी तो तिथल्या तिथे उतरवला. “नेतात ते ओझं. ही माणसं जातात. आपण सोबत. माझं आडनाव भोईर असलं तरी मी भोई नाय, आणि तुम्ही पालखीतले देव नाय.” शाळेत त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलत; एरवी, विशेषतः तापल्या की, बदलापूर गावातलं घर जिभेवर येई.

त्यांच्या मायेला गोड बोलणं माहीत नाही. दुसऱ्या की तिसऱ्या सहलीत त्यांच्या लक्षात आलं की आम्ही बायका सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाही. कारण विचारायची गरज पडली नाही. गडावर आम्हांला चालेल असं शौचालय कुठून असणार? पुढच्या सहलीला बसच्या टपावर एक छोटा तंबू आणि भोकाची खुर्ची होती. बाई प्रत्येकीच्या हातात बाटली देत फिरत होत्या. “प्या. गड बघायला आलात, उपास करायला नाय.” मोठ्या भाषणांतून जे सन्मानाबद्दल ऐकलं, ते मला त्या तंबूत कळलं.

आता जे लिहिते ते बाईंना आवडणार नाही, पण पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात नुसतं आवडेल तेच लिहायचं असेल तर हारच पुरे होता.

आयुष्यभर गडांनी ज्यांना कधी पाडलं नाही, त्या बाई गेल्या वर्षी घरच्या न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, घरातल्या घरात वॉकर धरून चालू लागल्या. पायऱ्या बंद, चढ बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतरच्या सहलीला आम्ही त्यांच्यासाठी खुर्ची तयार ठेवली. त्या आल्या नाहीत. मी आणि लछमनकाका बदलापूर गावात त्यांच्या घरी गेलो.

“मी खुर्चीत बसायची नाय,” बाई म्हणाल्या. “इतकी वर्षं मी तुम्हांला नेलं, आता तुम्ही मला नेणार? भोईरांची सून शेवटी पालखीत?”

नेलं. तो शब्द त्यांच्याच तोंडून आला. काका हळूच म्हणाले, “बाई, तो क्या हम इतने साल पालखी में थे?”

बाईंनी मान फिरवली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रडत होत्या. मला तेव्हा कळलं, की चालणं सुटलं तर आपण आता कोणाच्या कामाच्या नाही, अशी भीती त्यांच्या मनात बसली होती. तीच भीती घेऊन मी खिडकीतून चंदेरी बघत बसायची. ती किती जड असते, हे त्यांना सांगायला माझ्यापेक्षा योग्य माणूस नाही. आणि ती उतरवायची कशी, हे मला त्यांनीच शिकवलं आहे.

म्हणून आम्ही गप्प बसलो नाही. मागच्या महिन्यात मंडळाची माणसं सिंहगडावर जाऊन आली. खुर्चीवर तांदळाची गोणी होती, बाईंच्या वजनाची. वजन त्या सांगत नाहीत, म्हणून अंदाजाने भरली. थोडी जास्त भरली असेल तर क्षमा असावी. पायऱ्या बघितल्या, दम घ्यायच्या जागा बघितल्या. गोणी सुखरूप परत आली आणि तिची खिचडी झाली. हे सगळं मी त्यांना फोनवर सांगितलं.

“पण मी,” बाई म्हणाल्या, “मी कशी जाऊ गो?”

मी म्हणाले, “बघू.”

बाई, पंचाहत्तरी पुरी झाली. शंभरी आम्ही धरूनच चाललो आहोत. हाड भक्कम राहो, आवाज असाच राहो, आमच्यावरचा रागही राहो. फक्त ही पुढची वर्षं पायथ्याशी बसून काढू नका. समारंभानंतरच्या रविवारी बस तुमच्या दारात येईल. तुम्हांला कोणी नेणार नाही. शेवटच्या पायरीवर तुमची खुर्ची वळेल, तोंड दरवाजाकडे होईल, फळी पडेल, आणि आम्ही सगळे हात काढून घेऊ.