बारा पन्नासची भरती

गल्लीत सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तोंडावरसुद्धा. तिला त्याचं वाईट वाटत नसे, कारण वाईट वाटून घ्यायलाही एका जागी बसावं लागतं.

खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत शेवटून दुसरं घर तिचं. तळमजल्यावर पुढच्या खोलीत ती पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायची, मागच्या खोलीत सासरे असायचे. नवरा जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. "ते समुद्राचं पाणी बघतात, मी घरातलं," असं ती म्हणायची आणि हसायची, पण हसणं पुरं व्हायच्या आत उठून मोरीची जाळी बघून यायची.

पूर्वी ती अशी नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका साध्या दुपारी ती कापड आणायला बाजारात गेली होती. सासऱ्यांचा खुबा मोडल्यापासून त्यांना उठून दार लावता येत नसे, म्हणून जाताना तिने बाहेरून कडी घातली. तेवढ्यात उधाणाची भरती गल्लीत शिरली. ती परतली तेव्हा म्हातारा खुर्चीत, मांडीपर्यंत पाण्यात, आणि गिऱ्हाइकांचे पडदे त्याच्याभोवती तरंगत होते. दोन तास तो तसाच बसून होता. तो काही बोलला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून भरतीचं वेळापत्रक तिला पाठ. या अमावास्येला वर्षातली सगळ्यात मोठी भरती होती, दुपारी बारा पन्नासला.

सकाळी सहालाच तिची धावपळ सुरू झाली. कापडाचे तागे वर राहणाऱ्या शिक्षिका बाईंकडे नेऊन ठेवले. बाईंनी रजाच टाकली होती. शिलाई मशीनची मोटर काढून फळीवर, मशीन टेबलावर, फ्रिजखाली चार विटा, गॅसची टाकी खिडकीच्या गजाला बांधलेली. कागदपत्रं दोन पिशव्यांत घालून डब्यात. मोरीच्या भोकात ओलं फडकं, त्यावर रबरी चेंडू, त्यावर पाटा. संडासाच्या भांड्यात वाळू भरलेली पिशवी. मग पुढच्या आणि मागच्या दाराला प्लास्टिक लावून त्यावर वाळूच्या गोण्या रचल्या, अगदी गुडघ्याच्या वरपर्यंत.

"किल्ला बांधतेस की काय?" सासऱ्यांनी खाटेवरून विचारलं. गेल्या वर्षीच तिने खाटेचे पाय सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवले होते.

"बाबा, अकरा वाजता दोघं जण येतायत. खुर्चीसकट तुम्हाला वर नेतील. बाईंनी जागा केलीय."

"मी नाही जायचा."

"का?"

"सदतीस वर्षं खाडीच्या बांधावरच्या झडपा उघडल्या-मिटल्या मी. भरती आली की वर पळायचं, हे शिकलोच नाही."

"तेव्हा तुमचे पाय धड होते!" ती ओरडली आणि लगेच ओशाळली.

म्हातारा शांतपणे म्हणाला, "पाय गेले, कान शाबूत आहेत. एवढं ओरडू नकोस."

अकराला माणसं आली आणि रिकाम्या हातांनी परत गेली. तिने मेन स्विच बंद केला आणि स्वतःही खालीच थांबली. वरून बाई दर पाच मिनिटांनी जिन्यातून विचारत होत्या, "आलं का?" आणि तिचा जीव दर पाच मिनिटांनी टांगणीला लागत होता.

बारा वाजून दहा मिनिटांनी गल्लीतल्या गटाराचं झाकण थडथडायला लागलं. मग पाणी आलं, गढूळ आणि अजिबात घाई नसलेलं. पायरी गेली. गोण्यांचा खालचा थर ओला झाला. ती पुढच्या दारापाशी जाई, मागच्या दारापाशी जाई, हाताने प्लास्टिक चाचपडे, पुन्हा पुढे येई. दोन्ही दारं टिकली होती. कपाळावरचा घाम पुसायला तिने हात वर केला आणि मोरीत 'बुडुक' झालं.

चेंडू वर उसळला होता. पाटा सरकला होता. काळं पाणी भोकातून कारंज्यासारखं येत होतं. ती भोकावर टाच रोवून उभी राहिली, पण पाणी टाचेच्या कडेने येतच राहिलं. बघता बघता घोटे बुडाले, मग पोटऱ्या. तिने बादली घेतली आणि गोणीवरून पाणी बाहेर फेकायला सुरुवात केली. किती वेळ, ते तिला कळलं नाही. हात भरून आले तरी ती थांबेना. गोण्या ढळल्यासारख्या वाटल्या म्हणून मशीनचं रिकामं जड स्टँडही ओढत नेऊन तिने पुढच्या दाराला टेकवलं.

"सूनबाई, थांब."

"थांबू? तुमची खाट बुडायला आलीय!"

"खाटेला अजून वीतभर वाव आहे. बाहेर बघ."

"मला वेळ नाही!"

"बाहेर बघ म्हणतो ना!" म्हाताऱ्याचा आवाज बांधावरून यावा तसा आला. तिने खिडकीतून पाहिलं. समोरच्या घराची सगळ्यात खालची पायरी उघडी पडली होती. दीड वाजून गेला होता. गल्लीतलं पाणी उतरलं होतं, घरातलं मात्र जिथल्या तिथे होतं.

"मोरी गाळाने तुंबलीय. आता तू पाणी बाहेर अडवत नाहीस, आत कोंडतेयस," तो म्हणाला. "मागचं दार मोकळं कर. उतार तिकडे आहे."

"आणि परत आलं तर?"

"संध्याकाळपर्यंत ओहोटीच आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर तुझ्या त्या वेळापत्रकावर ठेव."

तिला ते करवेना. जे दार वाचवण्यासाठी सकाळपासून हाडाची काडं केली तेच उघडायचं? तिने एक गोणी हलवली, थांबली, त्याच्याकडे पाहिलं. त्याने नुसती मान डोलावली. मग तिने एकामागून एक गोण्या ओढल्या आणि दार उघडलं. पाणी लोंढ्याने मागच्या बोळात गेलं; सोबत तिची एक चप्पल, कात्रीची खोळ आणि तो रबरी चेंडू. वीस मिनिटांत फरशी दिसायला लागली.

ती ओल्या उंबऱ्यावर मटकन बसली. बऱ्याच वेळाने, त्याच्याकडे न बघता, तिने विचारलं, "बाबा, त्या दिवशी मी बाहेरून कडी घालून गेले होते..."

"हो."

"तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"राग आला होता. फार आला होता. पण तू आलीस ती अशी रडत, की म्हटलं, आता आपण तोंड उघडलं तर ही मोडेल. मग रोज वाटायचं, बोलू, बोलू. राहूनच गेलं. चुकलंच माझं."

"तुमचं कसलं चुकलं?"

"कडी तुझी चूक. गप्प बसणं माझी."

ती उठली आणि झाडूने गाळ लोटायला लागली. वरच्या बाई चहाचा थर्मास घेऊन उतरल्या, तेव्हा सून रडतेय आणि सासरा "तो कोपरा राहिला" म्हणून दाखवतोय, असं त्यांनी पाहिलं. त्या थर्मास पायरीवर ठेवून तशाच मागे फिरल्या.

कपाटाचा खालचा खण फुगला, तो कायमचाच. पुढच्या आठवड्यात प्लंबरने मोरीच्या पाइपला एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली. म्हाताऱ्याने खाटेवरून त्याला इतक्या सूचना दिल्या, की तो बिचारा म्हणाला, "आजोबा, आता तुम्हीच या खाली." पौर्णिमेच्या भरतीला मोरीतून थेंबही आला नाही, पण मोरीशेजारच्या भिंतीच्या भेगेतून ओल फुटली आणि सून पुन्हा सिमेंट कालवायला बसली.