नाना निरोगी गटातून बाहेर पडले तेव्हा

धुळ्याच्या एका दवाखान्यात कंपवातावर संशोधन चालू होतं आणि मी त्यासाठी माहिती गोळा करत होते. रुग्णांशी तुलना करायला त्यांच्याच वयाची निरोगी माणसंही लागतात. अशा माणसांच्या शोधात मी शिंदखेड्याजवळच्या एका गावात गेले. तिथले एक कापूस पिकवणारे नाना लगेच तयार झाले. "मला काय झालंय? फक्त उजवा खांदा आखडलाय," म्हणाले.

मी छापील प्रश्न वाचला, "आपली गंधसंवेदना कमी झाली आहे का?"

"नाही," नाना ठामपणे म्हणाले.

त्यांच्या पत्नी, अक्का, दारात उभ्या होत्या. "काय इचारी राहिनी वं माय?"

"नानांना वास नीट येतो का, असं विचारतेय."

अक्का हसल्या. "यासले? परवा बठ्ठं दूध करपी गयं. ह्या बाजूलेच बठेल व्हतात, पन वास उना नही!"

मग त्या सांगतच गेल्या. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, चालताना उजवा हात हलत नाही. नाना चिडले. माझं पेन मात्र थांबलं; वास न येणं, बटणांना वेळ लागणं, हात न हलणं, ही कंपवाताची लक्षणं असू शकतात. मी डॉक्टर नव्हते, काही बोलणं बरोबर नव्हतं. "एकदा तपासून घेऊ," एवढंच म्हटलं.

धुळ्याला आमच्या संशोधनाच्या डॉक्टर मॅडमनी त्यांना बोटं एकमेकांवर आपटायला लावली, व्हरांड्यातून चालवलं. "नाना, हा कंपवात आहे. सगळ्यांचेच हात थरथरतात असं नाही. खांदाही त्यामुळेच आखडलाय."

नानांनी विचारलं, "मग आता?"

"आजार जाणार नाही. पण गोळ्या आणि व्यायामाने बरीच कामं सोपी होतील. लवकर कळलं, हे चांगलं झालं."

"मग मला रुग्णांच्या गटात घ्या," नाना म्हणाले. "सोडू नका."

तीन महिन्यांनी ते एसटीने एकटेच तपासणीला आले. चालताना उजवा हात आता थोडा हलत होता, पावलं मोकळी पडत होती. मॅडमनी त्यांना दोनदा चालायला लावलं, दुसऱ्यांदा बहुतेक नुसतं बघायला बरं वाटलं म्हणून.

त्यानंतर आम्ही घरच्या माणसांनाही विचारायचं ठरवलं. प्रश्न अहिराणीत करायला मी अक्कांकडे गेले. माझं पहिलंच वाक्य ऐकून त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "आसं नही वं माय. लिख, मी सांगस."