डाग तेवढे काढा

पेंटरकाकांनी मला वाचवलं. हे आधीच लिहून टाकते. नाहीतर माझी भीतीच एवढी जागा खाईल की त्यांचं सांगायचं राहून जाईल, आणि एकदा तसं झालेलं आहे.

नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या ज्या दुकानात मी कामाला होते, तिथे काका माझ्या आधीपासून, वीसेक वर्षं अक्षरं काढत होते. दुकानाच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, दहाव्या-तेराव्याची कार्डं, सगळं त्यांच्या ब्रशातून उतरायचं. शिरोरेघ पट्टी न लावता, एका दमात मारायचे. रेघ संपेपर्यंत आपणही श्वास धरून बसायचं.

मी भंडाऱ्याकडची. आठवीत शाळा सुटली. एकोणीसची झाले तेव्हा बाबांनी एक स्थळ धरून ठेवलं होतं, चाळिशी गाठलेलं. सोबतीला हवी म्हणून ताईने मला नाशिकला बोलावून घेतलं. भाऊजी एकलहऱ्याला वीजकेंद्रात होते. माणूस वाईट नव्हता, पण मी दुकानात लागले त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, "काम आहे तोवर राहा. काम सुटलं की मी स्वतः तिकीट काढून गाडीत बसवून देईन." चहा पिता पिता सहज बोलले. मला मात्र ते वाक्य रोज ऐकू यायचं. दुकानात साधी कात्री खाली पडली तरी मला नाशिकरोडचं स्टेशन दिसायचं.

सुरुवातीला काम हाताचं होतं. गिऱ्हाईक फोटो आणायचं, त्याची ब्रोमाइड प्रिंट, म्हणजे छपाईसाठीची काळी-पांढरी प्रत, निघायची. मी ब्लेडने तिच्या कडा कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि फोटोवरचे बारीक पांढरे ठिपके ब्रशने बुजवायची. मग तो पुठ्ठा काकांकडे. ते लगेच लिहायला घ्यायचे नाहीत. फोटो हातात धरून बघत बसायचे.

"काका, उशीर होतोय ना!"

"थांब गं. आधी माणूस बघायचा, मग नाव लिहायचं."

दोन हजार साल उलटलं आणि दुकानात कॉम्प्युटर आला, स्कॅनर आला. शेठनी मला क्लासला पाठवलं. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मी सगळं जागेवरून पाठ केलं. वरून तिसरं, मग खालून दुसरं. डाग काढायच्या हत्याराला शिक्क्याचं चित्र होतं. शेजारची स्वच्छ कातडी उचलायची आणि डागावर ठेवायची, एवढंच. अक्षरंही कॉम्प्युटरच टाकायला लागला. काकांकडे पाट्या तेवढ्या उरल्या. तरी छापून आलेलं प्रत्येक कार्ड ते हातात घेऊन बघायचे. जुन्या सवयीने, आधी फोटो, मग नाव.

एका सकाळी मखमलाबादकडच्या एका फुलं पिकवणाऱ्या घरातला मुलगा आला. आई जाऊन तिसरा दिवस होता. दशक्रियेची दोनशे कार्डं आणि रामकुंडावर ठेवायला मोठा रंगीत फोटो, खाली नाव, असं काम होतं. त्याच्याकडचा फोटो ओलीने खराब झालेला, सगळीकडे तपकिरी ठिपके.

"डाग तेवढे काढा, ताई," तो म्हणाला. "आईचा दुसरा फोटोच नाय."

मी दिवसभर त्या फोटोला बसले. पडद्यावर मोठं करून बघितलं की माणूस दिसत नाही, नुसते डाग दिसतात. गालावरचा काढला, हनुवटीवरचा काढला, कपाळावरचे तीन काढले. छान स्वच्छ झालं म्हणून मनातल्या मनात खूशही झाले. खाली मजकूर टाकला, नावाच्या आधी 'कै. सौ.', घरून लिहून दिला होता तसा.

कार्डं छापून आली त्या दिवशी शेठ अंबडला कारखान्यांच्या पाट्यांची मापं घ्यायला गेले होते. मोठा फोटो फ्रेम होऊन भिंतीला टेकवलेला. काकांनी एक कार्ड उचललं. बघितलं. खाली वाचलं. पुन्हा वर बघितलं.

"पोरी, इकडे ये."

मी उठून गेले.

"ही अक्षरं काय सांगतात?"

"कै. सौ."

"म्हणजे नवरा मागे आहे. बाई अहेवपणी गेली. आणि फोटो काय सांगतोय?"

तेव्हा मी पहिल्यांदा तिचा चेहरा बघितला. कपाळ कोरं होतं. कपाळावरच्या तीन डागांपैकी एक डाग नव्हताच. ते कुंकू होतं, फोटोबरोबर विटून इतर ठिपक्यांसारखंच तपकिरी झालेलं. ते मी माझ्या हाताने पुसलं होतं.

"मले... मले नाही समजलं, काका." घाबरले की गावची बोली बाहेर यायची.

"किती वाजता येणारेत?"

"चारला."

घड्याळात दोन वाजत होते. मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नंतर. लाल रंग काढ." त्यांनी एक टाचणी उलटी धरली, तिचं डोकं रंगात बुडवलं आणि कार्डावरच्या कपाळाला अलगद टेकवलं. काळ्या छपाईवर एक गोल, लाल ठिपका उमटला. "ब्रशने दोनशे सारखे येत नाहीत. टाचणीने येतात. कर."

आम्ही समोरासमोर बसलो. मी एकेक कार्ड पुढे घ्यायची, टेकवायची, वाळत ठेवायची. दर वेळी वाटायचं, रंग ओघळला तर त्या बाईच्या नाकावरून खाली येईल. निम्मी कार्डं झाली असतील, तेवढ्यात दाराशी टेम्पो थांबला. तीनही वाजले नव्हते.

मुलगा आला, त्याच्यामागे पांढऱ्या टोपीतले म्हातारे वडील. "घरात बसवत नाय म्हणले," मुलाने सांगितलं, आणि मग त्याची नजर पसरलेल्या कार्डांवर गेली. एकावर कुंकू, एकावर नाही. भिंतीशी टेकवलेला मोठा फोटो त्याने बघितला आणि त्याचा चेहराच बदलला.

"आईचं कुंकू कुठं गेलं?"

मी हातातली टाचणी खाली ठेवली.

"बाईमाणूस असून तुला कुंकू कळलं नाय व्हय गं? का डोळे घरी ठेवून येती?"

काका उठले. म्हाताऱ्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि एक कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. "चूक झाली, दादा. दुरुस्त करतोय. बघा, जमलंय का?"

म्हाताऱ्यांनी कार्ड लांब धरून बघितलं. मग हळू म्हणाले, "एवढं मोठं नव्हती लावत. लय बारीक लावायची."

"किती बारीक? दाखवा ना."

"मसुरीएवढं."

काकांनी बारीक डोक्याची टाचणी शोधली. मोठ्या फोटोसाठी त्यांनी सगळ्यात लहान ब्रश रंगात भिजवला आणि म्हाताऱ्यांपुढे धरला. "तुम्हीच लावा."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. "त्या दिवशी लावलं मी. शेवटचं. आता ह्या पोरीला लावू दे. तिनंच काढलं ना?"

रागाने म्हणाले का मायेने, मला अजून ठरवता आलेलं नाही. काकांनी ब्रश माझ्या हातात दिला आणि फक्त एवढं म्हणाले, "श्वास धर." शिरोरेघेला धरायचे तसा मी श्वास धरला. मनगट दुसऱ्या हाताने घट्ट पकडलं. आणि लावलं, मसुरीएवढं.

ते बरोबर बसलंय की नाही हे बघायच्या आत शेठ दारात उभे होते. मुलाने लगेच सांगितलं, "शेठ, तुमच्या लोकांनी आईचं कुंकूच पुसलं होतं!"

"कोणी केलं हे?"

मला भाऊजींच्या हातातलं तिकीट दिसलं, आणि मी ब्रश धुवायला वळले.

"मीच तिला सांगितलं होतं," काका म्हणाले. "मला तो डाग वाटला."

"वीस वर्षं हेच करताय काका, आणि कुंकू कळेना?"

"डोळे गेले आता, शेठ," काका हसत म्हणाले.

उरलेली कार्डं आम्ही बारीक टाचणीने म्हाताऱ्यांसमोरच पूर्ण केली; आधीचीही त्यांनी चालवून घेतली. ते गेले. मुलाने जाताना माझ्याकडे बघितलं नाही. आठ दिवसांनी शेठनी काकांना सांगितलं की आता आराम करा, पाटीचं काम आलं की निरोप धाडतो. काकांनी ब्रश फडक्यात गुंडाळले. मी चार हातांवर कॉम्प्युटरपुढे बसले होते. तेव्हाही बोलू शकले असते. बोलले नाही. निरोप कधी गेला नाही. मी मात्र राहिले. नाशिकमध्येच राहिले. गावचं ते स्थळ कधीच मोडलं, आणि आज माझं स्वतःचं डिझाइनचं छोटं दुकान आहे.

काका पंचवटीत मुलीकडे असतात. आता त्यांचे डोळे खरंच अधू झालेत. मी रविवारी जाते. एकदा हिंमत करून विचारलं, "काका, तुम्ही असं का केलंत?"

"तू बोलली असतीस तर तू गावाला गेली असतीस, आणि मी पुढच्या महिन्यात तसाही घरी बसलो असतो. कॉम्प्युटरला कुठे माझी गरज होती?" मग चिडवायला लागले, "एवढंच वाटत असेल तर एक कर. मी गेलो की माझ्या फोटोखाली कॉम्प्युटरची अक्षरं टाकू नको. वरून येऊन कान धरीन."

तेव्हापासून मी जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ब्रशने लिहिते. माझी रेघ अजून मध्येच कापते. काकांना खोकला झाला असं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं तरी मी त्या दिवशी दहा पानं जास्त लिहून काढते, आणि स्वतःचीच भीती वाटते, की ही तयारी मी कशाची करते आहे.

शेठ अजून कारंज्यावर बसतात. त्यांच्यासमोर उभं राहून खरं सांगायचं आहे, तेही काका आहेत तोवर, त्यांच्या कानावर पडेल अशा वेळी, म्हणजे उशीर करून चालणार नाही. आणि काका, दुसरं तुम्ही सांगितलंत तेही करीन. आधी तुमच्याकडे नीट बघेन. मग श्वास धरून, पट्टी न लावता, माझ्या हाताने तुमचं नाव लिहीन.