पक्याला हवा तो आवाज

बँड चालला नाही की किस्से फार जमतात. चाललेल्या बँडकडे सांगायला गाणी असतात, दौरे असतात. आमच्याकडे पक्या आहे! टपरीवर कुणी विषय काढला की एक मी सांगतो, एक बाळू सांगतो, हसून हसून पुरेवाट होते आणि मग दोघंही एकदम विषय बदलतो. कारण कुठूनही सुरुवात करा, शेवटी सगळं एकाच ठिकाणी येतं. पक्याचे कान जात चाललेत.

आम्ही तिघं. पक्या गिटारवर, दिवसा सातपूरला प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकायच्या मशीनवर. बाळू ड्रम्सवर, एरवी सायखेड्याला कांदा आणि द्राक्षं. मी बेस वाजवतो आणि पंचवटीत मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवतो. सोल्डरिंगचा हात बरा, म्हणून पक्याच्या गिटारचा डॉक्टरही मीच.

आम्ही वाजवतो मेटल. म्हणजे अॅम्पचा जोर, त्याला गेन म्हणतात, इतका चढवायचा की आवाज फाटला पाहिजे, पण फाटूनही प्रत्येक सूर वेगळा कळला पाहिजे. हे सगळं पिकअपवर असतं. पिकअप म्हणजे भाजीची गाडी नव्हे! तारांखाली बसवलेली चुंबकाची पट्टी, तारेची थरथर पकडून अॅम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडे, पाठवणारी. ती बदलली की गिटारचा गळा बदलतो.

पक्या ती सारखी बदलतो.

* * *

सुरुवातीला आम्हाला एका गणेश मंडळाने बोलावलं होतं. 'ऑर्केस्ट्रा' एवढंच ऐकून बोलावलं असणार. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं आणि अध्यक्ष स्टेजवर धावत आले. मागे एक माणूस, हातात टेस्टर.

"थांबा, थांबा! तुमचं मशीन फाटतंय. वायरमन आणलाय!"

पक्याने अदबीने गिटार खाली केली. "दादा, ते फाटायला मी फार खर्च केलाय."

तेव्हा पक्याला अध्यक्षांचं बोलणं स्टेजच्या त्या टोकावरून ऐकू आलं होतं. आता हा किस्सा सांगताना मला तेवढंच आठवतं.

* * *

आमची प्रॅक्टिस बाळूच्या कांद्याच्या चाळीत चालते. कांदे विकले गेले की चाळ रिकामी, तोवर कांद्यांसमोरच वाजवायचं. त्यांच्याइतका शांत श्रोता आम्हाला दुसरा मिळालेला नाही.

बाळूच्या आईला आम्ही मावशी म्हणतो. त्यांचं ठाम मत, की आमच्या आवाजाने कांद्याला कोंब फुटतात.

"लय आवाज करता रं! कमी करा जरा. माल टिकायचा नाय!"

एकदा त्या चहा घेऊन आल्या. गाणं संपलं होतं. पक्या पाठमोरा, तारा पुसत होता. मावशींनी हाक मारली, परत मारली, मग अगदी मागे जाऊन मारली. तो वळलाच नाही. मावशींनी कप त्याच्या पायाशी ठेवला आणि आमच्याकडे येऊन हळूच म्हणाल्या, "या पोराला ऐकू येत नाय, आन् तुम्ही त्याला घिऊन गाणं करता?"

आम्ही हसलो. दोघंही हसलो. प्रेसशॉपचा धडधडाट दिवसभर, अॅम्प संध्याकाळी, आणि आम्हाला ते मावशींनी सांगावं लागलं.

* * *

त्याच सुमारास पक्याची तक्रार सुरू झाली. "आवाज दबलाय रे. घोंगडीतून आल्यासारखा." मी पिकअपचे स्क्रू फिरवून तो तारांजवळ घेतला. तरी दबलेलाच. मग जास्त तिखट चुंबकाचा घेतला. मग बॅटरीवर चालणारा. मग असा एक मागवला, की पहिल्याच सुराला बाळूचा कुत्रा उठून थेट नदीकडे गेला. बाळूने कानात कापूस घातला. माझ्या दाढा शिवशिवल्या.

पक्या मान तिरकी करून ऐकत होता. चेहरा पडलेला.

"बरा आहे," तो म्हणाला. "पण थोडा मऊ वाटतो."

* * *

शेवटी वहिनींनी, म्हणजे पक्याच्या बायकोने, त्याला ओढत कानाच्या डॉक्टरकडे नेलं. सोबत मी. तिथे एका बंद खोक्यात बसवतात, हेडफोन लावतात, आणि टूं ऐकू आलं की बटण दाबायचं.

पक्या बाहेर आला तो खुशीत. डॉक्टर मात्र कागदाकडे बघत राहिले.

"मधे बऱ्याचदा मी आवाज दिलाच नव्हता. तरी तुम्ही बटण दाबलंत?"

"पण डॉक्टर, बीटवर दाबलं ना?"

अंदाज घेऊन, ताल धरून, न ऐकलेल्या जागाही याने भरून काढल्या होत्या! डॉक्टर हसले नाहीत. पुन्हा आत बसवलं, या वेळी आवाज मुद्दाम वेडेवाकडे दिले. वरचे सूर, आमच्या भाषेत ट्रेबल, जवळजवळ गेले होते. अॅम्प बंद केला नाही तर उरलेलंही जाईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आणि घरी बोलायला, ऐकायला कानाचं मशीन घ्या म्हणाले.

जिना उतरताना पक्या माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "ऐकलंस ना? ट्रेबल गेलाय म्हणतात. मी कधीपासून सांगतोय, पिकअपच चुकीचा आहे!"

त्या दिवशी मला त्याला मारावंसं वाटलं. मग रिक्षात तो बाहेर बघत बसला, तेव्हा तेही वाटेना.

* * *

दोन-चार दिवसांनी वहिनी दुकानात आल्या. हातात रिपेअरिंगला द्यायचा मोबाइल नव्हता, तेव्हाच मी ओळखलं.

"भाऊजी, हे मला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, मला हवा तो आवाज एकदा मिळू दे, त्या दिवशी गिटार भिंतीला टांगतो. शपथ घेतलीय माझी."

"मग चांगलंय की वहिनी."

"काय चांगलंय? तो आवाज आता ह्यांना मिळणार कसा?"

मी काउंटरवरचा एक स्क्रू उगाच इकडून तिकडे केला.

"तुम्हीच काहीतरी चांगलं बघून बसवा," वहिनी म्हणाल्या, "म्हणजे लवकर संपेल."

पिकअप निवडण्याचं असं कारण जगात दुसऱ्या कुणाला मिळालं नसेल.

* * *

आमच्याकडे नवी गाडी घेतली की वणीला नेऊन देवीसमोर उभी करतात. पक्या मला मागे बसवून नवा पिकअप घेऊन गेला. हातरुमालात गुंडाळून. खालच्या दुकानदाराने हळदकुंकू देता देता विचारलं, "काय पार्ट आहे हा?"

"गिटारचा."

"मग गिटार कुठंय?"

"घरी. तिला काही झालेलं नाही."

दर्शन घेऊन आम्ही गाडीपाशी आलो. मी विचारलं, "पक्या, पिकअपसाठी मागितलंस की कानासाठी?"

त्याने हेल्मेट चढवलं आणि किक मारली. ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, मला आजवर कळलेलं नाही.

त्या पिकअपच्या फटीत कुंकू गेलं ते गेलंच. बसवताना माझी बोटं लाल झाली. आवाज छान होता. पक्या म्हणाला, "घोंगडी."

* * *

कानाचं मशीन घेतलं तेव्हा वहिनींच्या धाकाने तो प्रॅक्टिसलाही ते घालून आला. पहिल्याच गाण्याला बारीक शिट्टी सुरू झाली. हाय-गेनमध्ये पिकअप शिट्टी मारतात, नवीन काही नाही. गेन कमी केला. शिट्टी. पिकअप उघडून वायरी तपासल्या. शिट्टी. शेवटी वैतागून मी अॅम्पच बंद केला.

शिट्टी चालूच!

बाळू आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. पक्या मध्ये उभा, आळीपाळीने आमची तोंडं बघत. "काय झालं? सापडली का?"

बाळू उठला, त्याच्याजवळ गेला आणि कानातलं मशीन बोटाने नीट दाबून बसवलं. शिट्टी थांबली.

"पक्या," बाळू म्हणाला, "तू वाजत होतास."

ते मशीन त्याने परत प्रॅक्टिसला आणलं नाही.

* * *

आणि हा या उन्हाळ्यातला.

मी नवा पिकअप बसवून दिला. आता याच्यापुढे माझ्याकडे सुचवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि हे त्याला माहीत होतं. भर दुपारी चाळीत जमलो. निम्मे कांदे गेले होते. टेबलफॅन घरघरत होता. पक्याने नेहमीसारखे डोळे मिटले आणि आम्ही आमचं सगळ्यात जुनं गाणं काढलं.

दुसऱ्या कडव्यात लाइट गेली.

सायखेड्याला लाइट जाते, त्यात काही नाही. फॅन मंदावत थांबला. माझा बेस मेला. अॅम्पचा लाल दिवा विझला. राहिले फक्त बाळूचे ड्रम्स, त्यांना लाइट लागत नाही.

पक्या थांबला नाही.

बाळूने माझ्याकडे बघितलं. त्याच्या काठ्या अडखळायच्या बेतात होत्या. मी मानेनेच त्याला चालू ठेव म्हणालो. का म्हणालो, मला सांगता येणार नाही. मीही मुक्या तारांवर बोटं फिरवत राहिलो.

पक्याने सगळं गाणं वाजवलं. सोलो पूर्ण वाजवला. नुसत्या तारांची बारीक किणकिण येत होती, डब्यात खडे हलल्यासारखी, पण एकही सूर जागा सोडून नव्हता. इतकं चांगलं त्याने कधी वाजवलं नव्हतं. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

बाळूने शेवटची झांज मारली. पक्याने डोळे उघडले. घामाने निथळत होता, आणि हसत होता.

"हाच!" तो म्हणाला. "हाच आवाज! आता काही बदलायचं नाही."

तेवढ्यात त्याला दारात मावशी दिसल्या. तो ओशाळला, पटकन खाली वाकला आणि अॅम्पचा व्हॉल्यूम कमी केला.

"सॉरी हं मावशी," म्हणाला, "जरा मोठाच झाला."