बर्फाच्या पेटीतलं गटाराचं पाणी

"थांबा हं, ढवळू नका." आल्या आल्या तिचं हेच वाक्य, नमस्कार नंतर. दर गुरुवारी ती पाणी तपासणारी पोरगी बसनं यायची आणि वसतिगृहामागच्या गटारात दोरीला बांधलेला डबा सोडून उकिडवी बसायची. मी तिथं स्वयंपाकाला. जोयड्याच्या रानातली, शाळेला आलेली पोरं आमच्याकडं राहतात.

तुम्हीसुद्धा हसला असता. एवढं शिकून गटार! बरोबर थर्माकोलची पेटी, त्यात रामनगरच्या मासेवाल्याकडून घेतलेला बर्फ, गटाराचं पाणी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत गार राहावं म्हणून. बसमधल्या बाया विचारायच्या, "बांगडे हायत काय गं?"

"न्हाई मावशी, ह्ये कुणी फुकट बी घेत न्हाई."

आधी जवळच्या ओढ्यावर जायची. दगड उलटे करून खालचे किडे मोजायची, त्यावरनं पाणी किती चांगलं ते कळतं म्हणे, आणि दगड होते तसे परत ठेवायची. मग गटार. आदल्या वर्षी आमच्या पोरांना कावीळ झाली होती, दोघांना बेळगावला न्यावं लागलं. "पोरं आजारी पडायच्या आधी रोगाचा विषाणू गटारात दिसतो, आक्का," ती सांगायची. "दिसला की आपल्याला थोडे दिवस मिळतात." आणि चहा पिता पिताच भिंतीला टेकून झोपायची. हातातला कप मी काढून घ्यायची.

आता माझी चूक सांगते. त्या आठवड्यात दोन पोरांनी जेवण टाकलं होतं, पोट दुखतंय म्हणत होती. मी तिच्या वाटेकडं डोळे लावून बसले होते. पण तिचे हात त्या घाणीत जातात, ते मला बघवत नव्हतं. घरी कुणी यायचं तर आपण अंगण सारवतो की नाही? मी डबाभर ब्लीचिंग पावडर ओतली आणि खराट्यानं सगळं गटार घासून काढलं.

ती आली, वाकली, आणि तशीच पायरीवर बसली.

"आक्का, ह्ये काय केलंसा?"

"तुझ्यासाठीच गं बाय. किती घाण होती."

"पावडरीनं सगळं मेलं. आता मला काय दिसणार?"

रागावली नाही, तेच जड गेलं. पोटदुखी सुरू झालेली, एक आठवडासुद्धा घालवून चालणार नव्हतं. परतीची गाडी तिनं सोडली. गटारातली पावडर वाहून जाऊ दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं पाणी धरलं. तोवर बर्फ टिकावा म्हणून मी पेटीवर ओली पोती घालत होते.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "सापडला, आक्का. आजपासून पाणी उकळा. गटाराजवळनं टाकीचा पाइप जातोय, तो बघायला सांगा." पाइप फुटलाच होता. पोट दुखणाऱ्या त्या दोघांचे डोळे पिवळे झाले. बाकी एकालाही काही झालं नाही.

वॉर्डन म्हणाले, "बाकीच्यांना काय झालंच न्हाई की! उगाच एवढी लाकडं जाळली." झालं नाही ते मी त्यांना कसं दाखवणार?

पुढं तिच्या कामाची मुदत संपली. "आता दुसरं कोण येणार?" मी विचारलं.

"कोण न्हाई, आक्का."

इतकी दमली होती की निरोपसुद्धा बसूनच घेतला.

आता गटारात काय वाहतंय, कुणाला ठाऊक? म्हणून मी रोजच पाणी उकळते. पोरं कुरकुरतात, "आक्का, पाण्याला धुराचा वास येतोय."

"येऊ दे," म्हणते, आणि पेला पुढं करते.