तिसरी खुंटी

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी डोक्याकडे जातो, टोपी जागेवर आहे ना ते बघायला. टोपी उतरवून चार वर्षं झाली. सवय गेलेली नाही आणि त्या टोपीने केलेली फजितीही विसरता येत नाही.

निवृत्तीला सात महिने उरले होते. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून वरिष्ठांनी मला पासपोर्टच्या टेबलावर बसवलं. पोलीस ठाण्यात या टेबलाला फारसा मान नसतो. अर्जदार येतो, कागद दाखवतो, आपण पत्त्यावर जाऊन खात्री करतो, शेजारचे दोघे सह्या करतात आणि अहवाल वर जातो. तरुणपणी वाकोल्यात मी एका मीटर रीडिंगवाल्याला चोर समजून अर्धा तास धरून ठेवलं होतं. अशा माणसाला गोंधळ घालायला या टेबलावर वावच नव्हता. निदान माझी तशी समजूत होती.

एका सोमवारी टपालात वेगळाच कागद आला. आखातातल्या आपल्या दूतावासात एक माणूस येऊन उभा राहिला होता. मालकाने पासपोर्ट काढून घेतला, तिथून पळालो, अकरा वर्षं लपूनछपून मजुरी केली, आता तब्येत साथ देत नाही, घरी जायचंय, असं त्याचं म्हणणं. जवळ एक कागद नाही. गावाकडच्या पोलिसांचं उत्तर आधीच आलं होतं: आई वारली, घर बंद, सख्खं कोणी नाही, फोटोवरून गावात कोणाला ओळख पटत नाही. जुन्या पासपोर्टची फोटोसकट फाइल कुठे मिळेना; नोंदीत उरला होता तो फक्त मुंबईचा पत्ता, जोगेश्वरीतल्या चाळीतली एक खोली. तिथल्या कोणी ओळखलं तर त्याला परतीचे कागद मिळणार होते. नाही ओळखलं तर तो कुठलाच नव्हता. सोबत फोटो होता: गालफडं बसलेली, दाढी पांढरी, डोळे खोल.

त्याच दुपारी माझ्या जुन्या खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, एक कडक टीप आहे. जोगेश्वरीत डोंगराच्या अंगाला एक खोली आहे. दहा बाय बारा. त्या एका पत्त्यावर चौदा पासपोर्ट! बोला."

मी पत्ता लिहून घेतला आणि टेबलावरच्या कागदाशी ताडून पाहिला. तोच पत्ता, तीच खोली. खरं सांगतो, मला त्या क्षणी त्या आजारी माणसाची आठवणसुद्धा झाली नाही. डोळ्यांपुढे आली ती बातमी, बनावट पत्त्यांची टोळी आणि निरोपाच्या समारंभात माझ्याबद्दल बोलले जाणारे चार जादा शब्द.

आमच्या हवालदार बाईंना घेऊन निघालो. बाई वीस वर्षं नोकरी झालेल्या, तोंडाने फटकळ. जिना चढताना म्हणाल्या, "सर, टोळी पकडायला चाललोय की धाप टाकायला?"

खोलीत चौघे होते. तिघे तिशी-चाळिशीतले आणि एक पंचाहत्तरीचे म्हातारे, त्यांना सगळे आबा म्हणत. आबा पूर्वी गिरणीत होते. ही खोली कोकणातल्या एका गावाच्या मंडळाची. गावचा माणूस नोकरीला मुंबईत आला की इथे राहायचा. आता पोरं बोटीवर नाहीतर आखातातल्या हॉटेलांत काम करतात आणि जाता-येता इथे उतरतात. भिंतीला कडेने पेट्या लावलेल्या. वर एक लांब लाकडी पट्टी आणि पट्टीत बसवलेल्या लाकडी खुंट्या. बऱ्याच खुंट्यांवर कपडे, पिशव्या. दारातून आत आल्यावर उजवीकडची तिसरी मात्र रिकामी.

मला घाम आला होता. मी ऐटीत टोपी काढली आणि त्या तिसऱ्या खुंटीवर अडकवली.

चौघेही एकदम माझ्या टोपीकडे बघायला लागले. स्टोव्हवरच्या चहाकडेही कोणी बघेना. आणि तेवढ्यात खुंटी हळूच खाली झुकली आणि माझी टोपी घरंगळत थेट चहाच्या ट्रेमध्ये जाऊन पडली. बाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. खांदे हलत होते.

आबा उठले. टोपी धोतराला पुसून माझ्या हातात दिली आणि खुंटी अंगठ्याने दाबून सरळ केली, एखाद्याचा बसलेला खांदा दाबावा तशी. म्हणाले, "सायबानू, ती खुटी तेची आसा. तिका हात लावणा नाय कोण."

"कोणाची?"

आबांनी नाव सांगितलं. माझ्या कागदावरचं नाव.

"कुठे आहे तो?"

"ठाव नाय. अकरा वर्सां झाली. फोन नाय, चिठी नाय."

"मग खुंटी कशाला अडवून ठेवलीय? इथे पाय ठेवायला जागा नाही."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अगदीच पोरकट विचारलं होतं. "उद्या इलो तर कपडे खंय टांगतलो तो?"

मी मनात म्हटलं, नाटक झकास बसवलंय. शेजारच्या दोन खोल्यांत विचारलं. दोघेही नवे भाडेकरू. "असला कोणी माणूस आम्ही पाहिला नाही," असं दोघांनी सांगितलं. चौघांना ठाण्यात बोलावलं, स्टेशन डायरीला नोंद केली आणि जबाब घ्यायला बसलो.

माझी एक जुनी युक्ती होती. सगळ्यांना वेगळं बसवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. खोटं बोलणारे कुठेतरी फुटतातच. मी विचारलं, कोणती खुंटी कोणाची? तिघांनी दारापासून कोपऱ्यापर्यंत चौदाच्या चौदा नावं न अडखळता सांगितली. कोण कुठल्या बोटीवर, कोणाची बायको बाळंतपणाला माहेरी, कोणाची रजा कधी. एकाही उत्तरात फरक नाही.

मी बाईंना विजयी स्वरात म्हटलं, "बघा. इतकं जुळतं म्हणजे पढवलेलं."

"आणि जुळलं नसतं तर?"

"तर खोटं बोलतायत."

"मस्त," बाई म्हणाल्या. "म्हणजे आपण हरतच नाही."

ते तिघे त्याच्या मागाहून मुंबईत आलेले, त्याला प्रत्यक्ष पाहिलेले फक्त आबाच; म्हणून मग आबांपुढे दूतावासातून आलेला फोटो ठेवला. म्हटलं, "हा तो आहे का? नीट बघून सांगा. तुम्ही हो म्हणालात तर हा परत येतो. नाही म्हणालात तर तिथेच राहतो."

आबांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघत राहिले. फोटो उजेडाकडे धरला, लांब धरला, जवळ आणला. मग मान हलवली.

"माका ओळख पटना नाय."

"बाहेर बसा जरा."

दहा मिनिटांनी ते दारात आले. "परत दाखवा." दाखवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही आले. फोटो दोन्ही हातांनी परत दिला. "तो असतलो, सायबानू. माका तो व्हयो आसा. पण तोंडावरसून सांगूक जमना नाय. खोटा कसा सांगू?"

ते गेल्यावर मी अहवाल लिहायला घेतला. 'नमूद इसमास सदर पत्त्यावरील व्यक्तींनी ओळखले नाही.' वाक्य तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होतं. सही करणार तेवढ्यात बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"सर, एक विचारू? टोळी असती, तर त्या म्हाताऱ्याने फोटो ओळखला नसता का?"

पेन हातातच राहिलं. तीस-बत्तीस वर्षं मी खोटं पकडत आलो होतो. ज्या माणसासाठी आबांनी अकरा वर्षं भिंतीवरची जागा राखली, त्याला घरी आणायला फक्त एक 'हो' पुरेसं होतं. ते 'हो' आबांच्या तोंडून निघालं नाही, आणि मी त्यांनाच ठग समजून बसलो होतो.

"मग करायचं काय?"

"त्यालाच विचारा ना. खोली त्याची आहे तर खोलीचं सांगेल."

वरिष्ठांची परवानगी काढली. चार दिवसांनी दूतावासाच्या अधिकाऱ्याने मोबाइलवर त्या माणसाला समोर बसवलं. पडद्यावर फोटोपेक्षाही थकलेला दिसत होता. खोली कुठे, जिना कसा, सगळं बरोबर सांगितलं, पण ते कोणीही शिकवू शकतं. मी म्हटलं, "तुझी खुंटी कुठली?"

"उजवीकडची तिसरी."

"तिच्यावर काय ठेवून गेलास?" हा माझा सापळा होता.

"काही नाही साहेब. जाताना खुंटी मोकळी करूनच जातात." मग तो पहिल्यांदाच किंचित हसला. "ती अजून आहे? जरा जपून हां. सैल आहे ती. जड काही टांगलं तर पडतं."

माझे कान गरम झाले. बाईंनी टेबलावरच्या माझ्या टोपीकडे बघितलं.

पण टोपी पडली ती चौघांच्या देखत. म्हणजे हेही कोणी त्याला कळवलं असेल. मी विचारलं, "सैल होती तर आबांना का नाही सांगितलंस?"

"नवीन पोरगा मी तेव्हा. जागा दिली हेच खूप. त्यात तक्रार काय करणार? मग मीच खुंटी काढून भोकात कागद कोंबला. कागद नव्हे, फोटो. पासपोर्टला काढले होते ना, त्यातला एक उरला होता. चार घड्या घातल्या आणि बसवला, हलक्या कपड्यांपुरती धरली. कोणालाच माहीत नाही ते."

एका तासात आम्ही जोगेश्वरीत होतो. जिना मी कसा चढलो ते माझ्या गुडघ्यांना विचारा. दोन पंच घेतले. आबांना म्हटलं, "तुमची परवानगी असेल तर खुंटी काढतो." अकरा वर्षांत ती कोणीच काढली नव्हती. आबांनी स्वतः पुढे होऊन ती पिळून बाहेर ओढली. मी चिमट्याने भोकातून पिवळट पडलेली, नखाएवढी घडी काढली आणि पंचांसमोर उलगडली.

एक तरुण चेहरा, घड्यांनी चार भागांत चिरलेला. तेल लावून बसवलेले केस, ताठ मान, पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्याचा रुबाब.

"ह्यो!" आबा म्हणाले. "ह्यो आमचो."

मग दोन्ही फोटो शेजारी ठेवले. आबांचं बोट जुन्या फोटोतल्या डाव्या भुवईवर गेलं. तिथे लहानसा तुटका भाग होता. तिथून बोट नव्या फोटोवर सरकलं. पांढऱ्या भुवईत तीच फट. आबा मटकन पेटीवर बसले. तिघांपैकी एकाने स्टोव्ह पेटवला, मग विझवला, मग पुन्हा पेटवला. मी पंचनामा लिहीत होतो, पण अक्षर माझं वाटत नव्हतं.

मी आयुष्यात पुष्कळ पुरावे गोळा केले. बोटांचे ठसे, बिलं, कॅमेऱ्याची चित्रं. पण हा पुरावा कोणी तयार केला नव्हता. दहा बाय बारात माणसं पाय दुमडून झोपली, ओले कपडे खिडकीला बांधले, पण रिकाम्या खुंटीला कोणी हात लावला नाही, म्हणून तो टिकला. अर्जावरचा आमचा प्रश्न असतो, 'सदर पत्त्यावर राहतो काय?' आम्ही पोलीस तो रोज विचारतो. पाठीमागे आपली जागा कोणी राखून ठेवतं का, हे विचारायला त्या अर्जात रकाना नाही. तेव्हापासून मी शेजाऱ्यांची सही घेण्याआधी घरच्यांना थोडं बोलू द्यायला लागलो. उशिरा आलेली अक्कल, सहाएक महिनेच वापरता आली.

अहवाल अनुकूल गेला. दीड महिन्याने तो आला. बाईंनी मला ओढतच खोलीवर नेलं. तो दारात उभा होता, हातात एक कापडी पिशवी. आत पाऊल टाकायला तयार नव्हता. आबा म्हणाले, "ये रे. खुटी मोकळीच आसा."

तो आला. उजवीकडे वळला आणि न बघता पिशवी तिसऱ्या खुंटीवर अडकवली.

खुंटी झुकली आणि पिशवी धप्पकन खाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बरोबरच होतं. भोकातला फोटो माझ्या फाइलमध्ये पंचनाम्याला टाचलेला होता.

"सर," बाई म्हणाल्या, "मुद्देमाल परत करा."

फाइल कधीच वर गेली होती. पण पेन्शनच्या कागदांसाठी मी फोटो काढले होते, पाकीट खिशातच होतं. एक काढला, टोपीसकट साहेबी चेहऱ्याचा, चार घड्या घातल्या आणि भोकात सारला. त्याने वरून खुंटी पिळून बसवली, पिशवी टांगली आणि हात काढून घेतला. आम्ही सगळे श्वास रोखून बघत राहिलो.

राहिली.

तो फोटो अजूनही तिथेच आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझा चेहरा इतक्या कामाच्या जागी कधी लागला नव्हता.