वाढत्या अंगाची बंदूक

राजेश माणूस वाईट नाही, असं सगळे सांगतात, आणि तेच ऐकून माझं डोकं जास्त फिरतं. वाईट असता तर बरं झालं असतं. दार लावून घेतलं असतं आणि विषय संपवला असता. पण हा बर्फ पडला की न सांगता माझा ड्राइव्हवे साफ करून जातो. आमचे हे गेले तेव्हा पंधरा दिवस याच्या घरून डबा आला. आणि अशा माणसाचं तोंड बघायची मला सध्या इच्छा होत नाही.

मी सुवर्णा. मूळची मिरजेची, सातासमुद्रापार नोव्हाय गावाला येऊन पस्तीस वर्षं झाली. बेसमेंटमध्ये मशीन टाकलंय, ब्लाउज शिवते. इथल्या निम्म्या मराठी बायकांची मापं माझ्या वहीत आहेत. राजेश दोन घरं सोडून राहतो. नातं काही नाही, पण तो मावशी म्हणतो, त्याची बायको आश्लेषा मावशी म्हणते, म्हणून त्यांची पोरगी अनिकाही मावशीच म्हणते. मी कुणाकुणाची मावशी आहे ते आता मलाही आठवत नाही.

राजेश धुळ्याकडचा. वडील शाळेत क्लार्क, तीन भाऊ, हा मधला. पाचवीत घेतलेली खाकी चड्डी आठवीपर्यंत चालवली, हे तो प्रत्येक पॉटलक जेवणात सांगतो. 'वाढत्या अंगाचं घ्यायचं,' असं त्याची आई म्हणायची. चड्डीला सेफ्टी पिन, बाहीला दोन दुमडी, बुटाच्या टोकाला कापूस. तशा दिवसांत करावंच लागतं, आमच्याकडेही हेच होतं. मी त्याला नावं ठेवत नाही.

पण दिवस गेले ना रे बाबा! एमएस झालं, नोकरी झाली, सिटिझनशिप झाली, आणि याचा कापूस काही बुटातून निघत नाही. तीन माणसांना पाच बेडरूमचं घर. स्वतःचे स्नो बूट एवढे मोठे की दोन मोज्यांवर तिसरा मोजा. अनिकाचा थंडीचा कोट गुडघ्यापर्यंत, दर वेळी. तो कुठे अंगाला बसायला लागतो तोवर त्याची चेन तुटलेली असते, की लगेच पुढचा मोठा कोट. सायकल घेतली तर पाय पेडलला पोचेनात. पडली, हनुवटीला टाके घातले, आणि हा म्हणतो, 'बघ, पुढच्या समरला कशी फिट होते!' या पोरीला आयुष्यात एकही वस्तू नवी असताना मापाची मिळालेली नाही.

आणि हा माणूस नोकरी काय करतो? गाडीच्या सीटा बनवतो. त्याच्या लॅबमध्ये माणसांच्या मापाचे पुतळे आहेत. एक धिप्पाड पुरुष, एक मध्यम, आणि एक अगदी छोटी बाई. त्या छोट्या बाईचं डोकं कुठे टेकतं, मांडीखाली किती बोटं जागा उरते, ते हा दिवसभर मोजत बसतो. प्लास्टिकच्या बाईची एवढी काळजी! मला तर हसावं की दोन ठेवून द्याव्यात, तेच कळत नाही.

अनिका नववीत गेली आणि शाळेच्या शूटिंग टीममध्ये शिरली. मातीच्या नारिंगी थाळ्या मशीनमधून उडतात, त्या बंदुकीने हवेत फोडायच्या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. पण एकदा तिला बघायला गेले आणि गप्प बसले. चार फूट अकरा इंचांची पोर, टीमची एक छोटी शॉटगन खांद्याला लावून उभी. थाळी उडाली की सावकाश वळायची, बार करायची, आणि थाळीचा भुगा! पंचवीसपैकी अठरा. परत येताना गाडीत अखंड बोलत होती. ही मुलगी एरवी 'या', 'नो' आणि 'आय डोन्ट नो' यापलीकडे जात नाही.

टीमची बंदूक शिकण्यापुरती. वसंतातल्या सीझनला ज्याची त्याची हवी. कोच डोना म्हणून एक बाई आहेत, साठीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी अनिकाचा हात कोपरात वाकवला, कोपराच्या खोबणीपासून ट्रिगरच्या बोटापर्यंत माप घेतलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: दस्ता साडेबारा इंच. दस्ता म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकतो तो लाकडी भाग. मला ते लगेच समजलं. बाहीचंच माप आहे ते, दुसरं काय!

राजेशने पंधरा दिवस लॅपटॉपवर घालवले आणि एक सेकंडहँड सेमी-ऑटोमॅटिक शोधून काढली. एक बार झाला की पुढचं काडतूस आपोआप नळीत येतं, आणि धक्काही कमी बसतो, असं त्याने मला चहा पिता पिता समजावलं. धक्क्याचं त्याचं खरंच होतं. कागदपत्रं सगळी रीतसर केली, त्यात तो पक्का. मग एका शनिवारी आम्हाला दोघींना गाडीत घालून तासाभरावरच्या गावी निघाला. मला कशाला, तर येताना इंडियन स्टोअर लागतं म्हणून.

विकणारा म्हातारा सव्वासहा फुटी. बंदूक जपलेली, लोखंडावर गंजाचा ठिपका नाही, नळीत बघितलं तर आरसा. त्याने ती रिकामी असल्याचं दाखवलं आणि अनिकाच्या हातात दिली. तिने खांद्याला लावायला घेतली, तर दस्ता काखेतच अडकला. कशीबशी वर ओढली, तर खांद्याच्या खोबणीत बसायच्या ऐवजी दंडावर टेकली. गाल दस्त्यावर यावा म्हणून तिने मान इतकी पुढे ताणली की मलाच कळ आली.

'बाबा, इट्स टू लाँग. माझा चीक पोचत नाहीये.'

'पोचेल गं! पुढच्या वर्षी तूच म्हणशील, बरं झालं घेतली.'

म्हाताऱ्याने मान हलवली. 'सर, मी या मुलीसाठी ही घेणार नाही,' असं स्वच्छ सांगितलं त्याने. विकायला बसलेला माणूस नको म्हणतोय! आणि बाप म्हणतो, 'शी विल ग्रो.'

मी म्हटलं, 'राजेश, साडेचौदा इंच आहे हा दस्ता. दोन इंच! अरे, दोन इंच मोठ्या बाहीत माणूस जेवूसुद्धा शकत नाही.'

'मावशी, ब्लाउज नाहीये हा,' म्हणून तो हसला.

'मग निदान कापून तरी घे.'

'छे! दस्ता कापला की रीसेल गेली. आणि दोन वर्षांनी परत लांब हवा झाला तर?'

 घरी येईपर्यंत बंदुकीची ती लांबलचक पेटी अनिकाने मांडीवर धरली होती. बापाने हौसेने घेतलंय हे तिला कळत होतं, आणि तेच वाईट.

त्यानंतर अठराचे अकरा झाले, अकराचे सहा झाले. राजेश दर शनिवारी तिच्या मागे उभा राहून व्हिडिओ काढायचा आणि घरी टीव्हीवर लावून चुका दाखवायचा. पाय असा नको, कोपर तसं नको. बंदूक सोडून बाकी सगळं चुकत होतं!

पाडव्याच्या कार्यक्रमासाठी अनिका ब्लाउजचं माप द्यायला आली. ही पोर नेहमी बाही आखूड मागते, आखूड म्हणजे नावालाच. या वेळी म्हणाली, 'मावशी, स्लीव्हज एल्बोपर्यंत कर ना.' मी टेप घेऊन तिचा उजवा हात वर केला, तर 'स्स' करून मागे सरली. टी-शर्टची बाही सरकवून बघितलं. दंडावर तळहाताएवढा डाग, मध्ये काळानिळा, कडेला पिवळा पडलेला. म्हणजे जुन्यावर नवा बसत होता. गालाच्या हाडावरही होता, त्यावर आईची पावडर थापलेली.

'अनिका! हे काय गं?'

'प्लीज मावशी, बाबाला सांगू नको. ही लव्ह्ज दॅट गन. त्याला वाईट वाटेल. आणि मग टीमच बंद करेल.'

मी खूप बोलले. राजेशला शिव्या घातल्या, त्या म्हाताऱ्याला घातल्या, सगळ्या बंदुकांना घातल्या. आणि मग काय केलं? कोपरापर्यंत बाही शिवली! आतून मऊ अस्तर लावलं, दंडाला अर्धा इंच सैल सोडली, डाग झाकला जाईल आणि घासणारही नाही अशी. इतकी सुबक बसली की कार्यक्रमात दोन बायकांनी विचारलं, कुणी शिवला. मी हसून 'मीच' म्हटलं. शी! आजही आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

तीन आठवड्यांनी कोचबाईंनी डाग पाहिला. त्यांनी माझ्यासारखं अस्तर लावलं नाही. त्याच दिवशी मेल केली: बंदूक मापाची होईपर्यंत अनिका शूटिंगच्या रेंजवर येणार नाही, आणि सीझनची नावं दोन आठवड्यांत ठरतील.

मेल घेऊन राजेश तणतणत माझ्याकडे आला. 'ही बाई मला शिकवणार? मी रोज एर्गोनॉमिक्स करतो, माणसांच्या मापाचंच काम करतो, मावशी! आणि अनिका मला एका शब्दाने बोलली नाही.'

'बोलली होती. त्या म्हाताऱ्याच्या दारात बोलली होती. तू ऐकलंस का?' मी म्हटलं. 'आणि डाग मी तीन आठवड्यांपूर्वी पाहिलाय.'

'तुम्हाला माहीत होतं?' तो म्हणाला. 'मला का नाही सांगितलंत?'

मी जास्तच चिडले. 'ते माझं पाप मी बघीन. तू मला सांग, लॅबमध्ये त्या छोट्या पुतळीला सीट बसली नाही तर काय करतोस?'

'सीट बदलतो.'

'पुतळीला वाढ म्हणतोस का रे?'

तो मशीनजवळच्या स्टुलावर बसला.  मग म्हणतो, 'मावशी, मला लहानपणी कधी काही मापाचं मिळालंच नाही.' डोळ्यात पाणी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीच्या दंडावर डाग, आणि हा रडतोय स्वतःच्या चड्डीसाठी. मी म्हटलं, 'मग तिला मिळू दे की! कुणी अडवलंय तुला?'

एवढं मात्र खरं, की मग त्याने चालढकल केली नाही. अनिका बंदुकीच्या दुकानात यायला तयार नव्हती, टेस्ट आहे म्हणाली. मग त्यानेच कोचबाईंची जुनी चिठ्ठी शोधली, माझ्या वहीतलं तिच्या हाताचं ताजं माप घेतलं आणि बंदूक दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे गेला. दस्ता कापला. मागे रबराची जाड गादी बसवली. गाल टेकतो तिथे लाकूड थोडं उंच करून घेतलं. पाच दिवसांत काम झालं. दाखवायला आणली तेव्हा मी हात फिरवून बघितला. काम चोख होतं, अगदी साडेबारा इंच.

नावं ठरायच्या शनिवारी आम्ही तिघं रेंजवर गेलो. आश्लेषाला हॉस्पिटलात ड्यूटी होती. अनिकाने कानाला आवाज अडवणारे मफ लावले, चष्मा लावला आणि बंदूक खांद्याला घेतली. काय सांगू! घेतली आणि बसली. दस्ता थेट खोबणीत, गाल लाकडावर, मान सरळ. कोचबाई चारही बाजूंनी फिरून आल्या आणि म्हणाल्या, 'परफेक्ट.' राजेशने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही त्यानेच शोध लावला.

पहिली थाळी उडाली. बार झाला. थाळी अख्खीच्या अख्खी गवतात जाऊन पडली. दुसरीही. मी कुंपणाच्या कडेला सरकले, तिथून चष्म्याच्या बाजूने तिचे डोळे दिसत होते. बोट ट्रिगरवर दाबायच्या आधीच ते घट्ट मिटत होते. गाल लाकडापासून मागे पळत होता, खांदा आधीच आकसत होता. आता बंदूक दंडाला लागत नव्हती. पण ते तिच्या अंगाला कोण सांगणार? पाच थाळ्या, पाचही वेळा डोळे बंद. कोचबाई जवळ जाऊन हळू काहीतरी म्हणाल्या. तिने मान हलवली, श्वास घेतला, पुन्हा पाच. पुन्हा तेच.

मग तिने शिकवल्याप्रमाणे नळीमागचा बोल्ट मागे ओढला, नळी रिकामी आहे हे दोनदा पाहिलं आणि बंदूक टेबलावर ठेवली. कोचबाईंना म्हणाली, 'सीझनसाठी माझं नाव घेऊ नका.' त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि समजावलं, टीमची बंदूक आहे, पुढच्या वर्षी सावकाश बघू. अनिका 'नो, थँक यू' म्हणाली. रडली नाही, चिडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बापासमोर येऊन उभी राहिली. मफ अजून गळ्यात तसेच होते.

'सॉरी, बाबा,' ती म्हणाली. 'कापलीस पण माझ्यासाठी. आता विकतापण नाही येणार ना तुला?'

राजेशने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी मनात म्हटलं, आता तरी बोल रे, एक शब्द बोल, मी वर्षभर तुझं काही काढणार नाही.

'इट्स ओके, बाळा,' राजेश म्हणाला.

इट्स ओके! म्हणजे त्याने तिला माफ केलं.